प्रसिद्ध चेहऱ्याने सुचवलेले टोकन : पैसा कोणाकडून येतो आणि कोणाकडे जातो

प्रश्न : गेली दोन वर्षे मी ज्यांचे व्हिडिओ नियमितपणे पाहतो, त्या इन्फ्लुएन्सरने एका नव्या टोकनची, म्हणजे क्रिप्टो नाण्याची, जोरदार शिफारस केली. मी बचतीतील काही रक्कम त्यात घातली. दोन दिवस भाव चढला, मग काही तासांतच ऐंशी टक्क्यांहून अधिक कोसळला. ते अजूनही ‘धीर धरा, विकू नका’ असेच सांगत आहेत. व्हिडिओखालील वर्णनात ‘जाहिरात’ हा शब्द होता, तो मला नंतर दिसला. त्यांना यासाठी पैसे मिळाले असतील का? माझे नेमके कुठे चुकले आणि आता मी काय करावे?

उत्तर : पैसे मिळाले असण्याची शक्यता बरीच आहे, कारण वर्णनातला तो शब्दच तसे सांगतो. मात्र क्रिप्टोमध्ये पैसे गमावलेल्या लोकांसाठी ब्लॉकचेनवरील, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या जाहीर नोंदवहीतील, व्यवहार तपासण्याचे काम इतकी वर्षे केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, ‘पैसे मिळाले का’ हा यातला लहान प्रश्न आहे. मोबदला कोणत्या रूपात मिळाला आणि मोबदल्यात मिळालेली टोकन विकण्याची मुभा त्या व्यक्तीला केव्हापासून होती, हा मोठा प्रश्न आहे, कारण तुमच्यासारख्या छोट्या गुंतवणूकदाराचे नुकसान किती होणार हे बहुतेक वेळा तिथेच ठरलेले असते.

मोबदल्याचे तीन-चार प्रकार सर्रास चालतात. सर्वांत साधा प्रकार म्हणजे एका व्हिडिओसाठी किंवा एका पोस्टसाठी ठरलेली रोख रक्कम. त्यात प्रचारकाला पुढे भाव चढला काय किंवा पडला काय, फरक पडत नाही. दुसरा प्रकार म्हणजे मोबदला टोकनच्याच रूपात देणे, आणि तोच सर्वांत घातक आहे असे मी मानतो. टोकन फुकट किंवा नाममात्र भावात मिळालेले असते, त्यामुळे बाजारात त्याचा जो काही भाव येईल तो प्रचारकासाठी निव्वळ नफा असतो. पण तो नफा हातात पडायचा असेल तर त्याची टोकन विकत घेणारे कोणीतरी हवे, आणि ते कोणीतरी म्हणजे त्याचेच प्रेक्षक. तिसऱ्या प्रकारात प्रचारकांना जाहीर विक्रीच्या आधी, सर्वसामान्यांपेक्षा कमी भावात, एका खास फेरीत गुंतवणूक करू दिली जाते. येथे प्रचारक ‘मी स्वतःचे पैसे घातले आहेत’ असे प्रामाणिकपणे म्हणू शकतो आणि ते खरेही असते. फक्त त्याने कोणत्या भावात घातले आणि ती टोकन किती दिवस अडकून राहणार आहेत, हे तो सांगत नाही. चौथा प्रकार रेफरल लिंकचा, त्याविषयी पुढे लिहितो.

हे नुकसान प्रत्यक्षात कसे घडते, ते आकड्यांत पाहू, कारण आकडे मांडल्याशिवाय ‘मार्केट कॅप’ (भाव गुणिले एकूण पुरवठा) या शब्दाने पडलेली भूल उतरत नाही. समजा, एका टोकनचा एकूण पुरवठा १०० कोटी आहे. नव्या टोकनची खरेदी-विक्री बहुधा लिक्विडिटी पूल नावाच्या सामाईक साठ्यातून होते. या साठ्यात एका बाजूला टोकन असतात आणि दुसऱ्या बाजूला डॉलरशी जोडलेले नाणे किंवा एखादे प्रस्थापित चलन असते. अनेक पूलमध्ये दोन्ही बाजूंच्या संख्यांचा गुणाकार कायम राहील अशा रीतीने भाव ठरतो. आपल्या उदाहरणातल्या पूलमध्ये १० कोटी टोकन आणि २०,००० डॉलर आहेत असे धरा. म्हणजे एका टोकनचा भाव ०.०००२ डॉलर आणि पडद्यावर दिसणारे मार्केट कॅप २ लाख डॉलर. आता व्हिडिओ प्रसिद्ध होतो आणि शेकडो प्रेक्षक मिळून २०,००० डॉलरची खरेदी करतात. पूलमध्ये ४०,००० डॉलर होतात, टोकन ५ कोटी उरतात, भाव चौपट होऊन ०.०००८ डॉलरवर जातो आणि मार्केट कॅप ८ लाख डॉलर दिसू लागते. बाहेरून आलेला पैसा केवळ २०,००० डॉलर असूनही पडद्यावरचे मूल्य ६ लाख डॉलरनी वाढलेले असते. ‘एका दिवसात चारपट’ ही नवी बातमी घेऊन दुसरा व्हिडिओ येतो, आणि त्यातले एकही वाक्य खोटे नसते.

आता ज्याच्याकडे पुरवठ्यातील केवळ दहा टक्के, म्हणजे १० कोटी टोकन आहेत, अशा एकाच आतल्या माणसाने ती सर्व विकली असे समजा. पूलमध्ये १५ कोटी टोकन आणि सुमारे १३,३३३ डॉलर उरतात. विकणारा सुमारे २६,६६७ डॉलर घेऊन बाहेर पडतो आणि भाव जवळपास ८९ टक्क्यांनी कोसळतो. ज्या प्रेक्षकांनी २०,००० डॉलर घातले होते, त्यांनी त्यानंतर आपली सारी टोकन विकायची ठरवली तर सगळ्यांना मिळून सुमारे ३,३३३ डॉलर मिळतात. शुल्क मी धरलेलेच नाही. या उदाहरणात कोणी संगणकप्रणालीत घुसखोरी केली नाही, कोणाचा पासवर्ड चोरला नाही, पूलमधला पैसाही परस्पर पळवला नाही. नियमाप्रमाणे एक विक्री झाली, इतकेच. तुमच्या टोकनचा आलेख पाहिल्याशिवाय तिथेही हेच घडले असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण दोन दिवसांची चढण आणि काही तासांतली घसरण हा आकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की, तपासाची सुरुवात मी इथूनच करेन.

या गणितातून ‘धीर धरा, विकू नका’ या सल्ल्याचा अर्थही स्पष्ट होतो. उथळ, म्हणजे थोडीच रक्कम असलेल्या, पूलमध्ये आधी विकणाऱ्याला चांगला भाव मिळतो आणि नंतर विकणाऱ्याला उरलेसुरले मिळते. प्रत्येकाने थांबावे असे सांगणाऱ्याकडे स्वतःची विकायची टोकन शिल्लक असतील, तर इतरांच्या थांबण्याचा थेट लाभ त्यालाच होतो. तो सल्ला देणारा माणूस वाईटच असेल असे नाही. त्याची टोकन अजून विक्रीबंदीच्या मुदतीत अडकलेली असतील आणि भाव टिकावा अशी त्याची मनापासून इच्छाही असेल. परंतु त्याचे हित आणि तुमचे हित एक नाही, आणि धीर या शब्दाने तो फरक झाकला जातो.

तुमचे कुठे चुकले, याचे उत्तर देताना मला आधी हे सांगितले पाहिजे की, ‘जाहिरात’ हा शब्द वेळेत दिसला असता तर तुम्ही वाचलाच असता, असे मला वाटत नाही. जून २०२१ मध्ये अमेरिकी टीव्ही तारका किम कार्दाशियन यांनी इन्स्टाग्रामवर इथेरियममॅक्स नावाच्या टोकनचा प्रचार केला, तेव्हा त्या पोस्टमध्ये जाहिरातीचा हॅशटॅग होता. त्यासाठी २,५०,००० डॉलर मिळाले होते, ही गोष्ट मात्र त्यात नव्हती. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाने, ऑक्टोबर २०२२ मध्ये कारवाई केली ती याच मुद्द्यावर, कारण तेथील कायद्यानुसार सिक्युरिटीचा, म्हणजे शेअरसारख्या गुंतवणूक साधनाचा, प्रचार करणाऱ्याने मोबदला कोणाकडून, कशाचा आणि किती हे सांगावे लागते. आरोप मान्य किंवा अमान्य न करता त्यांनी १२ लाख ६० हजार डॉलर भरण्याचे आणि तीन वर्षे अशा टोकनचा प्रचार न करण्याचे मान्य केले. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाचे तेव्हाचे अध्यक्ष चार्ल्स रँडल यांनी सप्टेंबर २०२१ मधील भाषणात म्हटले होते की, कार्दाशियन यांची ती पोस्ट इतिहासात सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचलेली वित्तीय जाहिरात असू शकेल. प्रचार आणि कारवाई यांच्या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की कारवाईचा वेग लक्षात येतो : प्रचार आणि दंड यांत सोळा महिन्यांचे अंतर आहे, आणि अशा टोकनचे आयुष्य अनेकदा सोळा दिवसांचेही नसते.

याआधीचे सेंट्रा टेकचे प्रकरण मला अधिक बोलके वाटते, कारण तिथे प्रचाराखाली दडलेली वस्तूच खोटी होती. २०१७ मध्ये या कंपनीने व्हिसा आणि मास्टरकार्डच्या आधाराने चालणाऱ्या क्रिप्टो डेबिट कार्डाचा दावा करून २.५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. तसा कोणताही करार अस्तित्वात नव्हता. मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर यांना तिच्या प्रचारासाठी १ लाख डॉलर आणि संगीतकार डीजे खालिद यांना ५० हजार डॉलर मिळाले होते, आणि दोघांनीही ते उघड केले नव्हते. नोव्हेंबर २०१८ मध्ये दोघांनी दंड भरून प्रकरण मिटवले. कंपनीच्या एका संस्थापकाला पुढे आठ वर्षांची शिक्षा झाली. कार्डाबाबतचा दावा कार्ड कंपन्यांकडे विचारून तपासता आला असता. पैसे घेऊन प्रचार करणाऱ्यांना तो तपासण्याची जबाबदारी आपली आहे असे बहुधा वाटले नाही, आणि प्रेक्षकांनी बहुधा असे गृहीत धरले की इतक्या मोठ्या माणसाने नक्कीच तपासले असेल. तुमची चूक झाली असेल तर ती याच गृहीतकात आहे, आणि ती करणारे तुम्ही एकटे नाही.

आणखी एका तऱ्हेचे उदाहरण अँटिव्हायरस सॉफ्टवेअरमुळे प्रसिद्ध झालेले उद्योजक जॉन मॅकॅफी यांचे आहे. त्यांनी आणि त्यांच्या चमूने आधी स्वस्तात टोकन घ्यायचे, मग आपल्या ट्विटर खात्यावरून निरपेक्ष सल्ला म्हणून त्याची शिफारस करायची आणि भाव चढताच विकायचे, असा आरोप अमेरिकी सरकारी वकिलांनी मार्च २०२१ मध्ये ठेवला. जून २०२१ मध्ये स्पेनमधील तुरुंगात त्यांचा मृत्यू झाल्याने तो आरोप न्यायालयात सिद्ध होण्यापर्यंत पोहोचला नाही. मात्र तपासयंत्रणांनी वर्णन केलेली ही पद्धत आजही तशीच वापरली जाते, फरक इतकाच की आता ती लाखो अनुयायी असलेल्या एका खात्याऐवजी काही हजार अनुयायी असलेल्या वीस-पंचवीस खात्यांवरून एकाच वेळी राबवली जाते.

छोट्या खात्यांचा हा मुद्दा मला विशेष काळजीचा वाटतो. चित्रपट तारका जाहिरात करते तेव्हा ती जाहिरात आहे याची जाणीव बहुतेकांच्या मनात कुठेतरी असते. परंतु जो माणूस दोन वर्षे तुम्हाला क्रिप्टो ठेवण्याचे वॉलेट कसे वापरावे, फसवणूक कशी ओळखावी, हे विनामूल्य आणि चांगले शिकवत आला, त्याच्याविषयी वाटणारा विश्वास खऱ्या अनुभवावर उभा असतो. त्याचे पन्नास व्हिडिओ प्रामाणिक होते, म्हणून एक्कावन्नावा तसाच असेल असे मन समजते, आणि टोकन विकणारे नेमका हाच विश्वास विकत घेतात. शिवाय वेगवेगळ्या दहा जणांकडून एकाच आठवड्यात एकच नाव ऐकू आले की ती दहा स्वतंत्र मते वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच प्रचारमोहिमेची दहा देयके असू शकतात. म्हणून, एकाच नाण्याची स्तुती अचानक सगळीकडून कानावर येऊ लागली, तर मी ती मागणीची खूण मानत नाही. विक्री जवळ आल्याची शक्यता म्हणून पाहतो.

कायद्याचे संरक्षण किती, हेही स्पष्ट समजून घ्या. स्पेनने २०२२ च्या सुरुवातीपासून एक लाख किंवा अधिक लोकांपर्यंत जाणाऱ्या क्रिप्टो जाहिरातींची माहिती नियामकाला आधी देणे बंधनकारक केले. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून लागू होऊ लागलेल्या नियमांनी पहिल्यांदा गुंतवणूक करणाऱ्यासाठी २४ तासांचा विचारकाळ ठेवला आणि मित्राला आणल्याबद्दलच्या बक्षिसांवर बंदी घातली. भारतात ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने १ एप्रिल २०२२ पासून अशा जाहिरातींत ठळक धोक्याची सूचना मागितली. ही उद्योगाने स्वतःला घालून घेतलेली शिस्त आहे. दुसरीकडे, अमेरिकी नियामकाच्या अधिकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये असे मत जाहीर केले की, मीम कॉइन, म्हणजे इंटरनेटवरील विनोद किंवा लाटेवर निघालेली नाणी, सर्वसाधारणपणे सिक्युरिटी ठरत नाहीत, त्यामुळे खरेदीदारांना त्या कायद्यांचे संरक्षणही नाही. म्हणजे कार्दाशियन प्रकरणात जी तरतूद वापरली गेली, ती आज सर्वाधिक गाजावाजा होणाऱ्या प्रकारच्या नाण्यांना बहुधा लागूच होत नाही. त्याच महिन्यात, १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांनी लिब्रा नावाच्या टोकनविषयी पोस्ट टाकली आणि काही तासांत ती काढून टाकली. दरम्यान भाव शिखरावर जाऊन नव्वद टक्क्यांहून अधिक कोसळला होता. आपण तपशील जाणत नव्हतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. शिफारस करणाऱ्याचा हेतू काहीही असो, आधीपासून टोकन बाळगून बसलेल्यांना बाहेर पडण्याची संधी मिळते आणि नंतर आलेल्यांचे नुकसान होते.

पुढच्या वेळी काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे मालकीची विभागणी. ब्लॉकचेन एक्सप्लोररवर, म्हणजे ती नोंदवही दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, कोणत्याही टोकनचे सर्वांत मोठे धारक दिसतात. पूल आणि एक्स्चेंजची (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचांची) वॉलेट वगळून पहिल्या दहा जणांकडे मोठा हिस्सा असेल, तर वरील उदाहरणातला आतला माणूस तिथेच आहे असे समजावे. ही विभागणी फसवीही असते, कारण एकच व्यक्ती शंभर वॉलेटमध्ये टोकन वाटून ठेवू शकते; टोकन सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत खरेदी केलेल्या वॉलेटना पैसे एकाच ठिकाणाहून आले होते का, हे पाहिल्यास पुष्कळ उलगडा होतो, पण त्यासाठी सराव लागतो. दुसरी गोष्ट, पूलमध्ये प्रत्यक्षात किती रक्कम आहे आणि ती काढून घेता येणार नाही अशी कुलूपबंद आहे का, आणि असल्यास किती काळ. तिसरी, नवी टोकन छापण्याचा किंवा व्यवहार गोठवण्याचा अधिकार निर्मात्याने स्वतःकडे राखला आहे का. चौथी, थोडीशी रक्कम घेऊन ती लगेच विकून पाहणे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एका लोकप्रिय मालिकेचे नाव लावून निघालेल्या स्क्विड टोकनचा भाव आठवड्याभरात काही सेंटवरून २,८०० डॉलरच्या पुढे गेला, पण सामान्य खरेदीदारांना ते विकताच येत नव्हते, आणि शेवटी भाव काही मिनिटांत शून्याजवळ आला. चढत्या आलेखाकडे पाहणाऱ्या अनेकांना आधी थोडी विक्री करून पाहण्याची गरज बहुधा वाटली नव्हती. या चारही तपासण्या पार पडल्या तरी टोकन सुरक्षित ठरत नाही. त्यांचा उपयोग नकार देण्यासाठी आहे, होकार देण्यासाठी नाही.

आता रेफरल लिंकविषयी. ‘माझ्या लिंकवरून खाते उघडा, शुल्कात सवलत मिळवा’ असे सांगणाऱ्याला तुम्ही पुढे दिलेल्या प्रत्येक शुल्कातला वाटा मिळत राहतो. तुम्ही जिंकलात की हरलात याने त्याचे उत्पन्न बदलत नाही. तुम्ही किती वेळा आणि किती मोठे व्यवहार केलेत यावर ते अवलंबून असते. म्हणूनच अशा वाहिन्यांवर दीर्घकाळ धरून ठेवण्यापेक्षा रोजच्या ट्रेडिंगचे आणि लीव्हरेजचे, म्हणजे उसन्या पैशांवर मोठा सौदा करण्याचे, कौतुक अधिक दिसते. ५० पट लीव्हरेजवर भाव सुमारे २ टक्के विरुद्ध दिशेने गेला की घातलेली संपूर्ण रक्कम संपते, आणि क्रिप्टोमध्ये २ टक्के म्हणजे एका दुपारची हालचाल. त्या व्यवहारावरचे शुल्कही तुमच्या रकमेवर नव्हे, तर पन्नासपट फुगवलेल्या रकमेवर आकारले जाते. लहान रक्कम असलेल्या माणसाला हाच मार्ग ‘लवकर मोठे होण्याचा’ म्हणून दाखवला जातो, याचा मला मनापासून संताप येतो.

तुमच्या हातात आता जे उरले आहे, त्याविषयी. सरासरी भाव कमी करण्यासाठी आणखी पैसे घालू नका. वरच्या गणितात नवी खरेदी म्हणजे राहिलेल्या आतल्या विक्रेत्यांसाठी पूलमध्ये टाकलेली नवी रक्कम. वॉलेटमध्ये दिसणाऱ्या मूल्यावर विसंबू नका, तर संपूर्ण टोकन विकायला टाकल्यास प्रत्यक्षात किती हाती येईल, ते व्यवहार पक्का करण्याआधीच्या पडद्यावर पाहा आणि त्या आकड्यावरून निर्णय घ्या. हे टोकन घेताना वॉलेट एखाद्या अनोळखी संकेतस्थळाशी जोडले असेल, तर दिलेल्या परवानग्या रद्द करा आणि शंका असल्यास उरलेली मालमत्ता नव्या वॉलेटमध्ये हलवा. मग पुरावा जपा : मूळ व्हिडिओ, त्याखालचे वर्णन, तारीख-वेळेसह पडदाचित्रे (स्क्रीनशॉट), टेलिग्राम गटातील संदेश, आणि तुमच्या प्रत्येक व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक. व्हिडिओचे वर्णन नंतर बदलले जाते, गट पुसले जातात, म्हणून हे आजच करा. त्यानंतर सायबर पोलिसांकडे आणि व्हिडिओ जिथे प्रसिद्ध झाला त्या मंचाकडे तक्रार नोंदवा. रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी आहे, हे तुम्हाला स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. तरी एकाच टोकनविषयी अनेक तक्रारी जमा झाल्या की तपासाला वॉलेटचे धागे जोडता येतात.

आणि तक्रार केल्यानंतर, किंवा कुठेही आपले नुकसान सांगितल्यानंतर, काही दिवसांतच तुम्हाला संदेश येऊ लागतील. कोणी वकील म्हणून येईल, कोणी हॅकर म्हणून, कोणी सरकारी अधिकारी म्हणून, आणि ‘तुमची रक्कम आम्हाला सापडली आहे, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ किंवा ‘पडताळणीसाठी वॉलेटची गुप्त किल्ली असलेले बारा शब्द द्या’ असे सांगेल. माझ्याकडे आलेल्या अनेक लोकांनी मूळ टोकनमध्ये गमावले त्याहून अधिक पैसे या दुसऱ्या टप्प्यात गमावले होते. ब्लॉकचेनवरील पूर्ण झालेला व्यवहार बाहेरचा कोणीही उलटवू शकत नाही आणि ते बारा शब्द मागण्याचे कोणालाही कोणतेही वैध कारण नसते, तेव्हा अशा संदेशाला उत्तर न देता तो तसाच जपून तक्रारीला जोडा.